एक अर्ज, दोन पावत्या

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण. संपादक मंडळाच्या सूचनेवरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघात जे राहून गेले ते एक-दोन ठिकाणी भरले आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते आणि ते सांगणारे माझ्याहून वयाने व ज्ञानाने मोठे असतात. मी आज आपणांसमोर एका बटनाविषयी बोलणार आहे. माझा विषय इतिहास आणि मराठी. शिक्षण बी. ए., बी. एड. संगणकशास्त्राशी माझा संबंध गेल्या काही वर्षांत आला, आणि तोसुद्धा अर्ज भरता भरता. शाळेतल्या मुलांचे अर्ज कोणीतरी भरावयाचे, तर ‘सर, तुम्हीच भरा’ असे होत होत ते काम माझ्याकडे आले. तेव्हा मी जे सांगेन ते तज्ज्ञाचे भाषण नव्हे, ठेचा खाल्लेल्या माणसाचे आहे असे समजावे.

त्याचे असे झाले. आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक मुलगी. नाव सांगत नाही, ती आणि तिचे वडील दोघेही आज या सभेत बसलेले आहेत. वडील रिक्षा चालवितात. मुलीला पुढच्या एका प्रवेश परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. शेवटचा दिवस, रात्रीचे नऊ वाजलेले. द्वारका चौकाच्या बाजूला एका नेट कॅफेत ती दोघे बसली. कॅफेतल्या मुलाने सगळी माहिती भरली, फोटो चढविला, वडिलांनी मोबाइलवरून आठशे रुपये भरले, आणि शेवटचे ‘सबमिट’ दाबले. पडद्यावर एक चक्र फिरू लागले. ते फिरतच राहिले. मग पान पांढरे झाले. मुलाने दोन मिनिटे वाट पाहिली आणि ‘बॅक’चे बटन दाबले. भरलेला फॉर्म जसाच्या तसा समोर आला. सर्वांना वाटले, चला, अर्ज गेलाच नव्हता. त्याने पुन्हा ‘सबमिट’ केले. पुन्हा पैसे भरा असे आले, पुन्हा आठशे भरले. या वेळी हिरव्या अक्षरांत ‘अर्ज प्राप्त झाला’ असे दिसले. आनंदीआनंद झाला.

दुसऱ्या दिवशी बँकेचे दोन निरोप आले. सोळाशे रुपये गेले होते. वडिलांनी मुलीला बोल लावले, की तुझेच लक्ष नव्हते. मुलगी रडली. हा प्रकार एवढ्यावर थांबता तरी मी येथे बोललो नसतो. पण महिन्याभराने हॉल तिकिटे निघाली तेव्हा त्या मुलीच्या नावाने दोन निघाली. एकावर केंद्र नाशिक, दुसऱ्यावर परगावचे. दोन अर्ज भरणाऱ्याची उमेदवारी रद्द होऊ शकते, असे माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेले होते. ते आम्ही त्या दिवशी प्रथम वाचले. मग पत्रे, ई-मेल, दूरध्वनी. अकरा दिवस त्या घरात कोणाला धड जेवण गेले नसेल. अखेर एक अर्ज रद्द होऊन एक कायम राहिला, मुलगी परीक्षेला बसली. जास्तीचे आठशे रुपये मात्र आले नाहीत. भरलेले शुल्क परत मिळत नाही, असेही त्याच पुस्तिकेत लिहिले होते.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. सुटीत तो घरी आला तेव्हा मी त्याला बसवून घेतले आणि विचारले, की बाबा, यात चूक कोणाची? तो म्हणाला, “सर, ज्याने ती वेबसाइट बनविली त्याची.” मला ते एकदम पटले नाही. बटन तर आम्हीच दोनदा दाबले होते. तेव्हा त्याने मला कागद-पेन्सिल घेऊन दोन तास समजावून सांगितले. जे मला समजले ते आपल्या भाषेत आपणांपुढे ठेवतो.

आपण इंटरनेटवर एखादे पान उघडतो तेव्हा आपल्याकडील ब्राउझर दूरच्या सर्व्हरला एक मागणी पाठवितो. या मागण्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. एक पाहण्याची आणि एक करण्याची. संगणकवाल्यांच्या भाषेत पहिलीला ‘गेट’ आणि दुसरीला ‘पोस्ट’ म्हणतात. कार्यालयाबाहेर लावलेली यादी आपण दहा वेळा वाचली तरी यादीत काही फरक पडत नाही. हे झाले ‘गेट’. पण खिडकीतून अर्ज आत सरकविला की आत काहीतरी घडते. शिक्का पडतो, नोंद होते, पैसे जमा होतात. हे झाले ‘पोस्ट’. आपल्याला दोन्हीकडे बटनच दिसते, म्हणून फरक कळत नाही.

आता दुसरी गोष्ट ध्यानात घ्या. खिडकीमागचा हा कारकून अत्यंत विसरभोळा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या सुमारास वेबची रचना केली, तेव्हा दोघांमधील बोलण्याची रीत मुद्दामच साधी ठेवली. प्रत्येक मागणी नवी, मागचे काही लक्षात ठेवावयाचे नाही. त्यामुळेच ही यंत्रणा जगभर पसरू शकली. परंतु त्यामुळेच असेही होते, की तोच अर्ज एका मिनिटाने पुन्हा आला तर, खास तशी व्यवस्था केलेली नसेल तर, सर्व्हर ‘हे गृहस्थ आताच येऊन गेले’ असे म्हणत नाही. तो निमूटपणे दुसरा शिक्का मारतो.

आणि ‘बॅक’चे बटन? आपली समजूत अशी, की मागे गेलो म्हणजे केलेले परत घेतले. पाटीवर लिहिलेले पुसले तसे. येथेच आपला घात होतो. पत्र पेटीत टाकल्यावर आपण चार पावले मागे आलो म्हणून पत्र हातात परत येत नाही. ‘बॅक’ने फक्त आपल्या समोरचे पान बदलते. ब्राउझर बहुधा आपल्याच साठवणीतून जुने पान काढून दाखवितो, भरलेल्या माहितीसह. ते पान जुने चित्र आहे. पलीकडे काय घडले याची त्या चित्राला वार्ताही नसते. त्या रात्री फॉर्म भरलेला दिसला याचा अर्थ ‘अर्ज गेला नाही’ असा नव्हताच. अर्ज पहिल्याच वेळी पोचला होता. वाटेत हरवली ती पोच.

‘रिफ्रेश’चे तेच, किंबहुना जास्त. अर्ज पाठविल्यावर जे ‘धन्यवाद’चे पान येते ते पुष्कळदा त्या पाठविण्याचेच उत्तर असते. ते ताजे करा म्हटले की ब्राउझर संपूर्ण पाठविणेच पुन्हा करतो. त्याआधी तो विचारतो, की फॉर्मची माहिती पुन्हा पाठवायची का? इंग्रजीत विचारतो, म्हणून आपण न वाचता ‘कंटिन्यू’ करतो. मोबाइलवर तर बोट वरून खाली ओढले तरी पान ताजे होते. लहान भावाच्या हातात मोबाइल दिला आणि त्याने नकळत हे केले, असेही मी पाहिले आहे.

यात आणखी एक भर आहे ती गर्दीची. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश आपल्या नाशिक शहराला नवा नाही. परंतु २०२५-२६ या वर्षापासून तो साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला. २१ मे २०२५ रोजी नोंदणी सुरू व्हावयाची होती, त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करण्यात आली. अशा दिवशी काय होते पाहा. पान हलत नाही म्हणून माणूस पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो. लाखो घरांत हेच चालते. जो सर्व्हर एका मागणीने दमलेला आहे त्याच्यापुढे तीन मागण्या येऊन पडतात. बसच्या दारात सगळे एकदम घुसले की कोणीच चढू शकत नाही, त्यातला हा प्रकार. आपण पुन्हा दाबतो ते घाईने, पण त्याने आपलाच खोळंबा वाढतो.

कोणी म्हणेल, दोन अर्ज गेले तर बिघडले काय? जास्तीचा फाडून टाकावा. कागदाच्या काळात तसे चालत असे, ओळखीचा कारकून असे. आज तसे चालत नाही आणि त्याला कारणही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागांसाठी आपल्या राज्यात ऑनलाइन अर्ज करतात आणि सोडत काढतात. सोडत म्हणजे चिठ्ठ्या. एका बालकाचे दोन अर्ज म्हणजे डब्यात त्याच्या दोन चिठ्ठ्या. शेजारच्या मुलावर हा अन्याय होय. म्हणून एका बालकाचा एकच अर्ज भरावा, दोन आढळले तर ते सोडतीत धरले जाणार नाहीत, असे पालकांना बजावलेले असते. अभियांत्रिकीच्या जेईई मेन परीक्षेतही एका उमेदवाराने एकाहून अधिक अर्ज करणे हा गैरप्रकार मानला जातो. नियम योग्यच आहेत. मुद्दाम दोन अर्ज करणारे लबाड लोक असतातच. अडचण अशी, की यंत्राला लबाड आणि गोंधळलेला यांतील फरक ओळखता येत नाही. इंग्रजी न येणारी आई आणि परगावचे केंद्र मिळावे म्हणून चलाखी करणारा उमेदवार, दोघे एकाच यादीत जातात.

म्हणूनच माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेले मला आता पूर्ण पटले आहे. अनेक संकेतस्थळांवर पैसे भरताना एक पाटी लागते: कृपया ‘बॅक’ किंवा ‘रिफ्रेश’ दाबू नका. मी पूर्वी ही पाटी आदराने वाचत असे. आता मला ती पाहून एका घराची आठवण होते. त्या घराच्या जिन्याची तिसरी पायरी मोडलेली होती आणि मालकाने तेथे ‘जपून चढा’ असा फलक लावला होता. फलकाला जेवढे पैसे लागले असतील तेवढ्यात पायरी झाली असती! ‘बॅक’चे बटन प्रत्येक ब्राउझरला असते, प्रत्येक मोबाइलला असते, आणि माणसे ते दाबणारच. त्यावर इलाज नाही असे असते तर गोष्ट वेगळी. इलाज आहे, जुना आहे आणि फार खर्चाचा नाही.

पहिला इलाज असा. अर्ज स्वीकारल्यावर सर्व्हरने तेथल्या तेथे ‘धन्यवाद’चे पान देऊ नये. त्याऐवजी ब्राउझरला सांगावे, की काम झाले, आता पावती पलीकडच्या खिडकीवर पाहा. ब्राउझर आपोआप त्या दुसऱ्या खिडकीवर जातो आणि पावती पाहण्याची, म्हणजे ‘गेट’ची मागणी करतो. मग त्या पानावर कितीही वेळा ‘रिफ्रेश’ करा, पावतीच पुन्हा दिसते, अर्ज पुन्हा जात नाही. या ‘दुसरीकडे पाहा’ला ३०३ असा क्रमांक आहे. जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या नियमावलीची १.१ ही आवृत्ती प्रथम प्रसिद्ध झाली, तीत तो आहे. पुढे २००४ साली मायकेल जुरावलेव्ह या लेखकाने या रीतीवर सविस्तर लेख लिहिला आणि ‘पोस्ट-रिडायरेक्ट-गेट’ हे नाव रूढ झाले. म्हणजे आज अकरावीला असलेल्या मुलांच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे.

परंतु एवढ्याने भागत नाही. ‘रिफ्रेश’ची वाट बंद झाली तरी ‘बॅक’ करून पुन्हा ‘सबमिट’ करणारा आहेच. घाईने दोनदा क्लिक करणारा आहे. आणि आमच्यासारखा, ज्याला पोच मिळालीच नाही, तोही आहे. काही जण एकदा दाबल्यावर बटन करडे करून ठेवतात, म्हणजे दुसऱ्यांदा दाबताच येऊ नये. हे चांगले आहे, पण अर्धे आहे. पान नव्याने उघडले की बटन पुन्हा जिवंत होते.

खरा इलाज क्रमांकाचा, आणि नाशिककराला तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तेथे काम केलेले लोक आपल्या नात्यात, शेजारात आहेत. नोटेची सारी अब्रू तिच्या क्रमांकात असते. एकाच मालिकेत एकच क्रमांक दोन नोटांवर दिसला तर एक खोटी, हे पोरालाही कळते. २००६ सालापासून तर रिझर्व्ह बँकेने अशी पद्धत सुरू केली, की छपाईत एखादी नोट बिघडली तर तिच्या जागी क्रमांकात तारा असलेली वेगळीच नोट पाकिटात घालावयाची. अर्जाचेही असेच करता येते. कोरा फॉर्म आपल्यापुढे उघडतो त्याच क्षणी सर्व्हरने त्यात एक गुप्त क्रमांक घालून ठेवावयाचा. आपल्याला तो दिसत नाही. अर्ज परत आला की सर्व्हर आपल्या वहीत पाहतो. क्रमांक कोरा असेल तर अर्ज घेतो आणि त्यावर रेघ मारतो. ‘बॅक’ करून तोच फॉर्म पुन्हा पाठविला तर तोच क्रमांक पुन्हा येतो, आणि वहीत त्यावर रेघ असते.

रेघ दिसल्यावर काय करावे? येथे मला त्या विद्यार्थ्याचे म्हणणे फार आवडले. तो म्हणाला, “सर, अशा वेळी रागवायचे नाही. ‘चूक! दुबार अर्ज!’ असे लाल अक्षरांत लिहायचे नाही. पहिल्या वेळची पावतीच पुन्हा द्यायची.” माणूस पुन्हा आला तो पावती न मिळाल्यामुळेच आला. त्याला पावती द्या, तो शांतपणे घरी जाईल.

यात एक बारकावा आहे, तो संगणक शिकणाऱ्या मुलांसाठी. समजा कार्यालयात दोन कारकून आहेत आणि वही एक. एकाच क्षणी तोच क्रमांक दोघांकडे आला. दोघांनी वही पाहिली, दोघांना क्रमांक कोरा दिसला, दोघांनी अर्ज घेतला आणि मग दोघे रेघ मारावयास गेले. झाले दोन अर्ज! घाईने दोनदा क्लिक केल्यावर नेमके हेच होते. म्हणून पाहणे आणि रेघ मारणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवावयाच्या नाहीत. वहीच अशी पाहिजे, की एकदा लिहिलेला क्रमांक ती दुसऱ्यांदा लिहूच देणार नाही. डेटाबेसमध्ये ‘युनिक’ असे बंधन घालता येते ते यासाठी. माझ्या मते हा शेवटचा टिळा लावल्याशिवाय वरचे सगळे उपाय कच्चे आहेत.

काही कामे स्वभावतःच निर्धोक असतात. ‘हजेरी क्रमांक चौदा हजर’ असे मी कॅटलॉगात दोनदा म्हटले तरी मुलगा एकदाच हजर असतो. पण ‘चंद्यात शंभर रुपये मिळवा’ असे दोनदा म्हटले तर दोनशे होतात. लिफ्टचे बटन पाच वेळा दाबा, लिफ्ट एकदाच येते. दाराची घंटा पाच वेळा दाबा, घरचे चिडतात. संकेतस्थळ करणाऱ्याने आपले बटन लिफ्टचे आहे की घंटेचे हे आधी ठरवावे, आणि जेथे जेथे शक्य आहे तेथे लिफ्टचे करावे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत शासनाने आणखी एक पाऊल टाकले आहे. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर २०२४-२५ पासून विद्यार्थ्याला आधारवरून चौदा अंकी ‘वन टाइम रजिस्ट्रेशन’ क्रमांक मिळतो. म्हणजे क्रमांक अर्जाला नव्हे, माणसालाच. एका विद्यार्थ्याच्या दोन नोंदी होऊ नयेत असा त्यामागचा हेतू आहे. आपल्या जनरल रजिस्टरचा क्रमांक पहिल्यापासून दहावीपर्यंत मुलाबरोबर जातो, तसेच हे. यामुळे पालकांवर एक जबाबदारी मात्र येते. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरे, असे आपल्या समाजात फार आहे. ‘शेख’ एकीकडे पुढे, एकीकडे मागे. कोठे वडिलांचे नाव मधे आहे, कोठे नाहीच. माणसाला हे कळते, यंत्राला ती दोन माणसे वाटतात. दहावीच्या आधी हे सरळ करून घ्या. आठवीत केले तर अधिक उत्तम.

आता पैशाचे. येथे खिडक्या दोन असतात, एक अर्जाची आणि एक बँकेची, आणि दोघींच्या मधे निरोप्या धावतो. बँकेने पैसे घेतले आणि निरोप्या वाटेत अडकला तर अर्जाच्या खिडकीवर ‘पेमेंट फेल’ दिसते. ते खोटे नसते, अपुरे असते. चांगली संकेतस्थळे अशा वेळी पुन्हा पैसे मागण्याआधी बँकेला विचारतात, की या क्रमांकाचे आले काय? सगळीच विचारत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या, त्या आपल्याला माहीत असाव्यात. यूपीआयने माणसाकडून माणसाकडे पाठविलेले पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदार किंवा संस्थेला भरले आणि तिच्याकडे पोच झाली नाही, तर पाच दिवसांत. मुदत उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण नीट ऐका, हे फसलेल्या व्यवहाराला लागू आहे. आपणच दोनदा भरले आणि दोन्ही पोचले, तर तो बँकेच्या हिशेबी दोन यशस्वी व्यवहारांचा मामला झाला. मग त्या संस्थेशीच पत्रव्यवहार करावा लागतो. आमच्या रिक्षावाल्या भाईंचे तसेच झाले.

तेव्हा पान अडकले तर काय करावे, हे घरगुती शब्दांत सांगतो. हात बटनावरून काढा. ज्या मोबाइलवर बँकेचा निरोप येतो तो हातात घ्या. पैसे गेल्याचा निरोप आला असेल तर पुन्हा भरू नका, त्यातला व्यवहार क्रमांक कागदावर उतरवून घ्या. मग ‘बॅक’ न करता संकेतस्थळ नव्याने उघडा, लॉगिन करा आणि आपल्या अर्जाची स्थिती पाहा. तेथे अर्ज क्रमांक दिसला तर अर्ज गेलेला आहे. दिसला नाही तर तासाभराने पुन्हा पाहा. यासाठी तासभर हाताशी पाहिजे, आणि तो शेवटच्या रात्री नसतो, ही खरी गोम आहे. कॅफेत अर्ज भरला तरी लॉगिन आणि पासवर्ड आपल्या वहीत हवा, कॅफेवाल्याच्या वहीत नव्हे. आणि दोन अर्ज गेलेच असतील तर लपवू नका. पुष्कळ पालक भीतीने गप्प बसतात. हॉल तिकीट निघण्याआधी लेखी कळविले तर बहुधा सुधारणा होते, निघाल्यावर त्रास दसपट.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या ही संकेतस्थळे बनविणार आहात. त्यांना आणखी एकच किस्सा सांगतो. २००५ साली गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाची सोय काढली होती. आपण पान वाचत असताना त्यावरचे दुवे ती आधीच उघडून ठेवी, म्हणजे पुढचे पान लवकर दिसावे. काही संकेतस्थळांवर ‘काढून टाका’ हा साधा दुवा होता, म्हणजे पाहण्याच्या जातीचा. त्या बिचाऱ्या यंत्राने तोही उघडून पाहिला आणि लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या. करण्याचे काम पाहण्याच्या दाराने होऊ देऊ नये, हा नियम कागदावर तेव्हाही होता. तो न पाळल्याची किंमत लोकांनी मोजली.

लांब कशाला, आपल्या शाळेचेच घ्या. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात भाग घेणाऱ्यांची नावे ऑनलाइन घ्यावीत असे ठरले आणि नववीच्या मुलांनी मोठ्या उत्साहाने फॉर्म केला. नाटकासाठी एकाच मुलाचे नाव सहा वेळा आले! मी त्याला विचारले तर तो म्हणाला, “सर, दाबल्यावर काहीच झाले नाही म्हणून पुन्हा दाबले.” फॉर्म करणारी मुले हसू लागली. मी त्यांना सांगितले, हसू नका, तो बरोबर आहे. तुम्ही त्याला ‘मिळाले’ असे सांगितलेच नाही. मग त्यांनी हजेरी क्रमांक आणि तुकडी मिळून एकच नोंद होईल असे बंधन घातले, आणि दाबल्याबरोबर ‘नाव नोंदले’ असे पान यावे असे केले. चार दिवस लागले. या वर्षीच्या यादीत एकही नाव दुबार नाही. यादी संगणक कक्षाच्या दाराशी लावली आहे, जाताना जरूर पाहा.

शेवटी एक सूचना. मे-जूनमधील प्रवेशाच्या दिवसांत दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास संगणक कक्ष पालकांसाठी उघडा राहील. मी आणि दहावीचे दोन विद्यार्थी तेथे असू. येताना आधार, दाखला, गुणपत्रिका आणि बँकेशी जोडलेला मोबाइल आणावा. मोबाइल चार्ज केलेला असावा. आणि कृपा करून शेवटच्या शनिवारची वाट पाहू नये.